सोऱ्या आणि रसाची शपथ

मी सुभद्रा, मुक्काम धाड. माझ्या कुरडया पांढऱ्याशुभ्र होतात, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढची हकीकत ऐकून तुम्ही माझ्या हाताला नावं ठेवाल. हात चांगलाच आहे. घात केला तो आमच्या घरातल्या माणसानं.

महाराष्ट्राचं नवं राज्य झालं, त्याचा हा दुसरा उन्हाळा. आमच्या आळीत चांगला पितळी सोऱ्या एकच, सरस्वतीबाईचा. गव्हाचा चीक शिजवून गरमागरम त्यात भरायचा, वरून दाबायचं, की खाली कुरडई पडते. एक तार तुटत नाही. उन्हाळा लागला की साऱ्या बायका तिच्या ओट्यावर. ती चौथी शिकलेली, आळीत अक्षर वाचणारी एकटीच बाई. प्रत्येकीची पाळी पाटीवर लिहायची.

गेल्या साली तिनं माझी पाळी शेवटी टाकली. गहू तीन दिवस भिजवायचे असतात, माझे सहा दिवस भिजले. घरभर आंबट वास सुटला आणि कुरडया तांबड्या झाल्या. वर ही बाई साऱ्यांपुढे म्हणते, "सुभद्रे, कुरडया केल्या का इटा पाडल्या?"

वर्षभर ते बोलणं मला सलत होतं. यंदा होळी झाली तशी मी तिच्या ओट्यासमोर जाऊन उभी राहिले.

"सरस्वते, तुह्या सोऱ्याले हात लावला तर उन्हाळाभर आंब्याच्या रसाले तोंड लावनार नाही!"

तिनंही पाटी खाली ठेवली. "आन् मी तुह्या दारी सोऱ्या मांगाले आली, तर मीही रस सोडला समज."

सारी आळी ऐकत होती. मला रस किती आवडतो, ते माझ्या माहेरी विचारा. मला वाटी पुरत नाही, तांब्या लागतो. पण बोलून बसले, आता माघार कसली?

मी गहू भिजत घातले आणि आमच्या ह्यांना सांगितलं, "बुलडाण्याले जा आन् नवा सोऱ्या घेऊन या. त्याबिगर घरात येऊ नका." ह्यांचं नाव महादेवराव. उखाण्याशिवाय मी घेत नाही, पण तुम्हाला कळावं म्हणून घेतलं. सकाळच्या एस्टीला म्हणून गेले आणि दिवस मावळायला पोत्यात गुंडाळलेला सोऱ्या घेऊन आले. पितळ चिंचेनं घासल्यासारखं लखलखत होतं.

"नवाच हाय ना?"

"तुह्या घरात तर पहिल्यांदाच आला," हे म्हणाले आणि घाईघाईनं पाय धुवायला गेले.

चौथ्या दिवशी पहाटे चीक शिजवला. अंगणात बाजेवर धोतर अंथरून कुरडया पाडल्या. पांढऱ्याशुभ्र! शेजारच्या अन्नपूर्णाकाकू वाटी घेऊन गरम चीक खायला आल्या, त्यांनी सोऱ्या हातात घेऊन फिरवून पाहिला.

"ओळखीचा वाटते बाई."

"पितळ हाय काकू, सारं सारखंच दिसते."

काकूंनी चिकावर साखर घातली, दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "मंग उद्या मले देशील?"

तिथंच मला सुचलं. मी आळीभर सांगून टाकलं, "पाटी नाही, पाळी नाही. जिचा चीक झाला तिनं सोऱ्या न्यावा." आठ दिवसांत सरस्वतीबाईचा ओटा ओस पडला. मी काही काम नसताना दिवसातून तीनदा त्या ओट्यावरून जात होते. फार बरं वाटायचं.

आमच्या ह्यांची मात्र भूकच गेली. "झाल्या ना कुरडया? आता परत देऊन टाकू."

"परत? कोनाले?"

"म्हंजे... आत ठेवून दे."

"काऊन? लोकाइचं भलं होऊन राह्यलं तर तुमच्या पोटात काऊन दुखते?"

तिकडे सरस्वतीबाईचा नवरा हिंमतराव रोज तंबाखू मागायला आमच्या दारी येऊ लागला. तंबाखू हातात पडली तरी नजर चुलीकडे. बायकोनं पाळतीवर धाडला असं मी ओळखलं आणि त्याला दिसाव्यात म्हणून मुद्दाम मोठाल्या कुरडया दारातच वाळत घातल्या.

नवव्या दिवशी भर दुपारी सरस्वतीबाई स्वतः आली. अंगणात सहा-सात बायका होत्याच.

"सुभद्रे, माहा सोऱ्या ह्यांनी जानेफळले लेकीकडे धाडला, तो अजून आला नाही. गहू आंबून राह्यले. एक दिवस तुहा दे."

"कोनाच्या दारी आली?"

"तुह्या."

"मोठ्यानं सांग."

"तुह्या दारी आली बाई. सोडला रस."

खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. ओटी भरावी तसा मी सोऱ्या ताटात घालून तिच्यापुढे धरला. तिनं तो घेतला, उलटा केला आणि बुडाकडे पाहत राहिली. तिथं ठिपक्याठिपक्यांचं काहीतरी कोरलेलं होतं. मी ती नक्षी समजले होते. तिनं बोट ठेवून वाचलं, "सौ. सरस्वतीबाई हिंमतराव, धाड."

तंबाखूला आलेला हिंमतराव कुंपणावरूनच मागे फिरला. आमचे हे तर आधीच घरात नव्हते. बुलडाण्याची एस्टी त्यांनी पाहिलीच नव्हती. त्या दिवशी हे आणि हिंमतराव दिवसभर गोठ्यात बसून चिंचेनं तिचाच सोऱ्या घासत होते.

मी काकूंकडे वळले. "तुम्हाले माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी. साऱ्या जनीले माहीत होतं."

"मंग बोलल्या काऊन नाही?"

"बोललो असतो तर आमच्या कुरडया राह्यल्या असत्या ना."

सरस्वतीबाईचे गहू वाया जात होते, म्हणून त्या रात्री चीक बसू दिला आणि सकाळी आम्ही दोघींनी मिळून तिच्या कुरडया पाडल्या. तांबड्या झाल्या. मी विटांचं काही बोलले नाही. म्हणजे एकदाच बोलले.

बायका म्हणाल्या, झालं गेलं विसरा आणि रस खा. पण ती माझ्या दारी आली होती आणि तिच्या सोऱ्याला माझा हात लागला होता, आम्ही दोघी हटलो नाही. शब्द म्हणजे शब्द! पण चूक नवऱ्यांची, तेव्हा दोन्ही घरांत रस करणंच बंद केलं. चार दिवसांत दोघे पाया पडत येतील, अशी माझी खात्री होती.

कुणी आलं नाही. आमचे हे उलट अंगानं भरले. एक दिवस मिशीला पिवळं दिसलं तेव्हा उलगडा झाला. सोऱ्या मिळवून दिला म्हणून आळीतल्या घराघरांतून दोघांना जेवणाची बोलावणी येत होती. रस, तळलेली कुरडई, वर तूप. आम्हाला कुणी बोलवत नाही. "त्याइची शपथ हाय, आपन मोडू नाही," असं काकू सगळ्यांना बजावतात.

आता दुपारी मी आणि सरस्वतीबाई तिच्या ओट्यावर बसून कोरड्या कुरडया खातो. माझ्या पांढऱ्याशुभ्र आहेत. फक्त घशाखाली उतरत नाहीत.