पायलटने रुग्णास हात लावू नये

कृष्णातच्या छातीत पहिली कळ आली तेव्हा तो रुग्णवाहिकेच्या काचा पुसत होता. काचा पुसणं हे तक्त्यानुसार त्याचंच काम असल्यामुळे त्यानं ते पुरं केलं. दुसरी कळ डाव्या खांद्यातून कोपरापर्यंत उतरली तेव्हा त्यानं फडकं पिळून आरशावर वाळत घातलं. तिसरीला मात्र तो पुढच्या चाकाला टेकून खाली बसला.

सकाळचे साडेदहा वाजले होते. गाडी कागलहून कोल्हापूरकडे येणाऱ्या महामार्गाच्या कडेला, नेमून दिलेल्या थांब्यावर उभी होती. मागच्या भागात डॉक्टर अनुजा औषधांचा डबा तपासत होती. ती वर्षभरापासून या गाडीवर होती, कृष्णात अकरा वर्षांपासून. गेले दोन महिने दोघांत कामापुरतंच बोलणं होतं, आणि कामं तक्त्यात लिहिलेली असल्यामुळे तेवढंही लागत नसे.

हा तक्ता कृष्णातनंच मागून घेतला होता. त्याचं असं झालं, की एका म्हाताऱ्याचा श्वास अडकला होता आणि अनुजा एकटी पुरी पडत नव्हती. तिनं कृष्णातला श्वास द्यायचा रबरी फुगा दाबायला बसवलं. म्हाताऱ्याच्या दारात, गर्दीत, घाम पुसत त्यानं वीस मिनिटं फुगा दाबला. म्हातारा वाचला. दुसऱ्याच दिवशी म्हाताऱ्याच्या जावयानं तक्रार ठोकली, की आमच्या सासऱ्यावर ड्रायव्हरनं उपचार केले. रुग्णवाहिकांचा ठेका घेतलेल्या संस्थेचे जिल्हा समन्वयक विजयसिंह यांनी कृष्णातला सगळ्यांसमोर झाडलं. त्या जावयाला सासरा वाचल्याचा राग होता की काय, ते कुणी विचारलं नाही.

कृष्णात शिवाजी पेठेतला, तरुणपणी तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. अपमान त्याला पचत नसे. त्यानं घरी जाऊन फुलस्केपवर अर्ज लिहिला: 'ज्यानं त्यानं आपापल्या जागेवर खेळावं. गोलकीपर पुढं गेला की गोल बसतो. तरी पायलटचं काम कुठलं आणि डॉक्टरचं कुठलं, हे लेखी मिळावं.' संस्थेत ड्रायव्हरला पायलट म्हणायची पद्धत होती. पगार मात्र ड्रायव्हरचाच.

अनुजाला हे कळल्यावर तिचंही डोकं फिरलं. गाडी मागं घेताना खाली उतरून 'येऊ दे, येऊ दे' करणारी तीच होती. तिनं उलट अर्ज दिला, की हे माझं काम नाही. विजयसिंहांनी दोन्ही अर्ज एकत्र केले, त्यातून दहा कलमी तक्ता काढला आणि लॅमिनेट करून गाडीत चिकटवला. कलम एक: पायलटने रुग्णास हात लावू नये. कलम दोन: डॉक्टरने स्टिअरिंगला हात लावू नये. सगळ्यात खाली ठळक अक्षरांत: उल्लंघन केल्यास सेवा समाप्त. पुढच्या आठवड्यात कृष्णातनं मागचा बंपर एका विजेच्या खांबाला घातला. खाली उतरायला कुणी नव्हतं.

तर असा कृष्णात आता चाकाला टेकून बसला होता.

"मॅडम," त्यानं हाक मारली, "जरा बाहेर येता काय?"

"काचा मी पुसणार नाही काका. कलम सात."

"काचा झाल्या. माझ्या छातीत दुखाय लागलंय."

डबा तिथंच टाकून अनुजानं बाहेर उडी मारली. त्याचा चेहरा बघितला आणि पुढचं काही विचारलं नाही. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत चाललेला एक ट्रॅक्टर थांबला. तो चालवणारा बाळासो गाणी बंद करून खाली आला. "काय झालं पावणं?" म्हणत त्यानं कृष्णातच्या काखेत हात घातले. अनुजानं पाय धरले आणि दोघांनी मिळून त्याला स्ट्रेचरवर घेतलं.

अनुजानं छातीला वायरी लावल्या. यंत्रातून कागदाची पट्टी बाहेर आली. ती बघून अनुजाचा चेहरा उतरला.

"काय आलंय?" कृष्णातनं विचारलं.

"थोडंसं आहे. पण लगेच कोल्हापूर गाठायला पाहिजे. ही गोळी चावून खा."

"म्हंजे लई आलंय."

तिनं नियंत्रण कक्षाला फोन लावला. पलीकडची बाई अतिशय नम्र होती.

"रुग्णाचं नाव? वय? ठिकाण? थांबा हं, सगळ्यात जवळची गाडी पाठवते."

पलीकडे बटणांची टकटक झाली आणि इकडे पुढच्या केबिनमधला टॅब मोठ्यानं वाजू लागला. नवीन केस. अंतर: शून्य किलोमीटर.

"मॅडम, तुम्हाला सगळ्यात जवळची गाडी तुमचीच आहे," बाई आनंदानं म्हणाली.

"अहो, आमच्या गाडीचा पायलटच पेशंट आहे!"

"मग पायलट कोण आहे?"

"तोच!"

"दोन्ही रकान्यांत एकच नाव सिस्टीम घेत नाही हो."

"दुसरी गाडी किती वेळात येईल?"

"पन्नास मिनिटं."

अनुजानं पुन्हा त्या पट्टीकडे पाहिलं. पन्नास मिनिटं ह्या माणसाकडे नव्हती.

"टॅब द्या हिकडं," कृष्णात स्ट्रेचरवरून म्हणाला. "कवाधरनं वाजालंय. तीस सेकंदात केस घेतली न्हाय तर आपल्या नावावर लाल खूण पडती." बाळासोनं टॅब आणून दिला. कृष्णातनं 'केस स्वीकारली' दाबलं आणि हाताला अकरा वर्षांची सवय म्हणून त्याच्याच खालचं 'घटनास्थळी पोहोचलो' हेही दाबून टाकलं. मग तो उठायला लागला. "मीच चालवतो की. बारा किलोमीटर तर हाय."

"झोपा!" अनुजा ओरडली.

"मी चालवू काय?" बाळासोनं विचारलं.

"लायसन हाय?" कृष्णातनं विचारलं.

"काढायचं हाय."

"मग हो बाजूला."

बाळासो बाजूला झाला. अनुजानं एकदा तक्त्याकडे पाहिलं. सगळ्यात खालची ओळ तिला पाठ होती. नोकरी गेली तर दुसरी कुठं मिळणार, हे तिला ठाऊक नव्हतं.

"मी चालवते," ती म्हणाली.

"कलम दोन," कृष्णात पुटपुटला.

"खड्ड्यात गेलं तुमचं कलम!"

"पर तुमाला येती काय गाडी?"

"आजऱ्याला बाबांच्या काजूच्या पिकअपवर शिकलेय. लायसन्स आहे."

"कुठवर चालीवलीसा?"

"बागेतनं रस्त्यापर्यंत."

कृष्णातनं डोळे मिटले. अकरा वर्षांत रुग्णवाहिकेत त्याला पहिल्यांदाच भीती वाटली.

अनुजानं त्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला, दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला आणि बजावलं, "हा पट्टा आपोआप फुगेल. आकडा आला की मोठ्यानं वाचायचा. मास्क सैल झाला तर तुम्हीच घट्ट करायचा. आणि झोपायचं नाही." म्हणजे डॉक्टरचं सगळं काम पेशंटला देऊन ती पायलटच्या जागेवर जाऊन बसली. बाळासो मागं उभा राहून 'येऊ द्या, येऊ द्या' करत होता. त्याला कुठलंच कलम लागू नव्हतं.

गाडी निघाली. म्हणजे आधी वायपर चालू झाले.

"सायरन डावीकडं! लाल बटन! त्यो वायपर हाय!" मधल्या खिडकीतून आवाज आला.

"बोलू नका काका, मास्क लावा!"

"पैल्या गिअरमधी किती रडीवताय तिला? दुसरा टाका, मग गप बसतो!"

दुसरा पडला. तिसरा पडायच्या जागी पुन्हा पहिलाच पडला आणि कृष्णातनं केलेला आवाज हृदयाचा होता की गिअरबॉक्ससाठीचा, ते सांगणं अवघड होतं. पट्टा फुगला आणि उतरला.

"एकशे साठ, नव्वद!"

"काय, तुमचं?"

"माझंच! तुमचं चाळीस बी न्हाय!"

पुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. सायरन वाजत होता आणि ट्रॉल्यांवरची गाणी त्याहून मोठ्यानं वाजत होती.

"सरकत नाहीत हो काका!"

"काच खाली घ्या आन शिवी द्या!"

"मला नाही येत!"

कृष्णातनं मास्क बाजूला करून एक शिवी सांगितली. अनुजानं ती आयुष्यात पहिल्यांदा, काच खाली घेऊन, डॉक्टरच्या स्वच्छ उच्चारात दिली. शेवटच्या ट्रॉलीवाल्यानं दचकून ट्रॅक्टर मातीत उतरवला, आणि त्याचं बघून पुढचेही सरकले.

"पट्टा फुगला का? आकडा सांगा," ती म्हणाली.

मागून आवाज आला नाही.

"काका? आकडा!"

काहीच नाही. गाडी थांबवून मागं धावावं तर वेळेत पोचायचं नाही, आणि न थांबावं तर मागं काय झालंय ते कळायचं नाही. मध्ये फक्त एक खिडकी होती. दोन महिने ह्या माणसाशी आपण बोललो नाही, एवढंच तिच्या मनात आलं आणि तिला रडू फुटलं.

"तिसऱ्याला हायसा," मागून बारीक आवाज आला. "चौथा टाका. इंजन वरडालंय."

तिनं रडतरडत चौथा टाकला.

दवाखान्याच्या फाटकाला डावा आरसा घासून गाडी आत शिरली. तासाभरात कृष्णातच्या हृदयाची बंद पडलेली नळी उघडली गेली. तिथले डॉक्टर म्हणाले, "अर्धा तास उशीर झाला असता तर अवघड होतं."

आठव्या दिवशी दोन पत्रं आली. अनुजाला: रुग्णास एकटे सोडून वाहन चालवल्याबद्दल सेवा समाप्त. कृष्णातला: रुग्णाचा, म्हणजे स्वतःचा, मास्क स्वतःच घट्ट केल्याबद्दल सक्त ताकीद. दोन्ही पत्रांच्या डोक्यावर एकच ओळ होती. संदर्भ: पायलट कृष्णात यांचा कामाच्या वाटणीबाबतचा अर्ज.

ती ओळ त्यानं तीनदा वाचली. नळी उघडलेली असूनही छातीत दुखलं. चालायची परवानगी मिळाल्याबरोबर तो विजयसिंहांसमोर जाऊन उभा राहिला.

"सायेब, माझा अर्ज मला परत द्या."

"आता तो अर्ज राहिला नाही, कृष्णात. त्याचं धोरण झालंय."

"त्या पोरीनं जीव वाचीवला माझा."

"कोण नाही म्हणतंय? माणूस म्हणून मलाही कौतुक आहे. पण वाटणी तुम्हीच मागितली होती. आता अर्ज मागं घ्यायचा तर त्यावर तुमच्या गाडीच्या डॉक्टरची शिफारस लागते."

"डॉक्टर तर तुमी काढून टाकली!"

"तीच अडचण आहे ना," विजयसिंह हळहळले. त्यांनी चहा मागवला.

कृष्णातनं अनुजाला फोन केला. ती आजऱ्याला वडिलांच्या काजूच्या धंद्यात हिशेब बघत होती. माफी कशी मागावी हे त्याला सुचेना. तिनंच विचारलं, "गोळ्या वेळेवर घेताय ना काका?"

महिन्याभरानं कार्यालयात छोटा समारंभ झाला. मुख्यालयातल्या संगणकानं सगळ्या गाड्यांच्या वेळा काढल्या होत्या. फोन आल्यापासून गाडी रुग्णापाशी पोचेपर्यंत एका गाडीला शून्य मिनिटं लागली होती. असा विक्रम आजवर कुणी केला नव्हता. माणसांना काढायचं काम एका टेबलाकडे होतं आणि गौरवायचं दुसऱ्याकडे, त्यामुळे प्रमाणपत्रं दोन छापून आली होती.

"पायलट आणि डॉक्टर यांच्यातला समन्वय म्हणजे काय, हे या जोडीनं दाखवून दिलं!" विजयसिंह माइकवर म्हणाले. कृष्णात पुढं गेला, आपलं प्रमाणपत्र घेतलं. मग डॉक्टर अनुजा हे नाव पुकारलं गेलं. कुणीच उठलं नाही. विजयसिंहांना तेव्हा आठवलं. त्यांनी घाईनं दुसरं प्रमाणपत्रही कृष्णातसमोर धरलं.

"हे डॉक्टरांच्या वतीनं तुम्हीच घ्या. पोचवा त्यांना."

कृष्णातनं दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"न्हाय सायेब," तो म्हणाला. "ते डॉक्टरच्या कामाचं हाय. पायलटनं त्याला हात लावायचा नसतोय."

टाळ्या वाजवायच्या की नाही, हे खुर्च्यांवरच्या मंडळींना कळेना. विजयसिंह ते प्रमाणपत्र हातात धरून तसेच उभे राहिले.