ए विंगची टाकी आणि दोनशे बारा जागृत नागरिक

ज्ञान हे पापडासारखं असतं. डब्यात कोंडून ठेवलं की त्याला बुरशी येते. म्हणून अधूनमधून ते गच्चीवर नेऊन, चार लोकांना दिसेल असं वाळत घालावं लागतं. आमच्या विद्यापीठाला हे सत्य उशिरा का होईना, पण अगदी वेळेवर समजलं, म्हणजे मूल्यांकन समिती येण्याच्या सहा आठवडे आधी. समितीच्या तक्त्यात 'समाजाशी संवाद' असा एक रकाना होता आणि तो रिकामा होता. रिकामा रकाना पाहिला की माझा जीव तुटतो. बावीस वर्षांच्या नोकरीत मी एकही रकाना उपाशी ठेवलेला नाही. त्यामुळे नव्या लोकसहभाग कक्षाचा सहायक समन्वयक म्हणून माझी नेमणूक झाली, तेव्हा कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. (बायकोला वाटलं, पण ती विद्यापीठाच्या सेवेत नाही.)

कक्षाने पहिल्याच आठवड्यात परिपत्रक काढलं. सदर परिपत्रकान्वये प्रत्येक संशोधकाने प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान दोनशे नागरिकांशी संवाद साधणे बंधनकारक आहे. संवाद म्हणजे नेमकं काय, याबाबत वाद नकोत म्हणून मान्य पद्धती आणि त्यांचे गुण जोडपत्रात दिले:

व्याख्यान, दीपप्रज्वलनासह: दहा गुण. दीपप्रज्वलनाविना: चार.

पथनाट्य: आठ गुण. (नाटकात संशोधन येणार असल्यास पूर्वपरवानगी घ्यावी.)

रील: बारा गुण. संशोधकावर नाचण्याची सक्ती नाही. तथापि न नाचल्यास कारण लेखी द्यावे.

रांगोळी: पंधरा गुण.

नागरिकाने प्रश्न विचारल्यास: गुण नाहीत, कारण तसा रकाना नाही.

रांगोळीला सर्वांत जास्त गुण पाहून काही प्राध्यापकांनी नाकं मुरडली. त्यांना आकडे ठाऊक नाहीत. पदार्थविज्ञानाच्या आमच्या सुयोगने बोरिवलीला स्टेशनबाहेरच्या पुलावर कृष्णविवराची रांगोळी काढली होती. सकाळी आठ ते अकरा या वेळात एकोणीस हजार नागरिक तिच्यावरून चालत गेले. कृष्णविवराशी इतक्या लोकांचा प्रत्यक्ष संपर्क आल्याची दुसरी नोंद निदान आमच्या फायलीत तरी नाही.

सगळ्या पद्धतींना अट मात्र एकच. फोटोत बॅनर दिसला पाहिजे. बॅनरविना झालेला संवाद ही खासगी बडबड समजली जाईल.

असं सगळं सुरळीत चाललं असताना श्रुतिका सकपाळ नावाची मुलगी माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. राहणार कांजूरमार्ग, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. ही मुलगी चार वर्षं मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत बेचाळीस सोसायट्यांच्या जमिनीखालच्या टाक्यांतून बाटल्या भरभरून पाणी गोळा करत होती. आईवडिलांना काय वाटत असेल, कोण जाणे. मुलुंडच्या हर्षदीपिका सोसायटीत तिला असं आढळलं की ए विंगच्या टाकीला तडा गेला आहे, बाजूनेच गटाराची लाईन जाते आणि लाईनमधलं पाणी टाकीत झिरपतं. चोपन्न कुटुंबं तेच पाणी पितात.

"सर, मला कार्यक्रम नकोय," ती म्हणाली. "त्यांच्या नोटीस बोर्डवर एक कागद लावायचाय फक्त. पाणी उकळून प्या आणि टाकी दुरुस्त करा, एवढंच. सेक्रेटरी लावू देत नाहीत. युनिव्हर्सिटीचं पत्र असेल तर लावतील."

"कागदासमोर दीपप्रज्वलन करता येईल का?"

"सर, लोक आजारी पडतायत तिथे."

"म्हणजे विषय लोकाभिमुख आहे," मी म्हणालो आणि अर्जाचा नमुना पुढे सरकवला. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. संशोधकांना कक्षाबद्दल असा जिव्हाळा वाटला की मला भरून येतं.

सोसायटीचे सेक्रेटरी राजेश फोनवर अतिशय सौजन्याने बोलले. "साहेब, कार्यक्रम झकास करू. हॉल फ्री, माईक फ्री. पण टाकीचं नाव काढू नका ना! बिल्डिंग दोन वर्षांत रिडेव्हलपमेंटला जाणार, आता टाकीला कोण हात लावतोय? आणि तीन फ्लॅट विकायला काढलेत. असलं काही बाहेर गेलं तर वाट लागेल, यार."

"तीन फ्लॅट कुणाचे?"

"एक माझाच आहे," ते म्हणाले. माणूस सच्चा.

समाजाच्या भावना लक्षात घेणं हा संवादाचा पाया आहे. त्यामुळे श्रुतिकाच्या भाषणात मी किरकोळ भाषिक सुधारणा केल्या. 'ए विंगच्या टाकीतील मलजलाचा शिरकाव' हे शीर्षक 'जल: एक चिंतन' असं केलं. 'गटार' या शब्दाऐवजी 'शेजारील प्रवाह' घातला. 'जंतू' म्हटलं की लोक घाबरतात, म्हणून 'सूक्ष्म पाहुणे'. 'ए विंग' काढून 'काही ठिकाणी' केलं. सुधारित भाषण वाचून ती म्हणाली, "सर, यातून कुणालाच काही कळणार नाही." मी तिला धीर दिला. पहिल्या भाषणात प्रत्येकालाच तसं वाटतं.

कार्यक्रम रविवारी सायंकाळी सहाला होता. गेटवर प्रत्येकाने हजेरीपटावर सही करायची आणि अभिप्रायाचा फॉर्म भरायचा, मग त्याला बटाटेवडा आणि लिंबू सरबताचं कूपन मिळायचं. अभिप्राय कार्यक्रमाआधी घेण्याची ही पद्धत माझी स्वतःची आहे. कार्यक्रम झाल्यावर माणसाचं मत बिघडलेलं असतं. दोनशे बारा नागरिक आले आणि दोनशे बारांनी 'उत्तम'वर खूण केली. लिंबू सरबत दोन मोठ्या पातेल्यांत सोसायटीच्याच पाण्याचं केलं होतं. व्यासपीठावर सीलबंद बाटल्या होत्या. (यात कुणाचा हेतू शोधू नये. व्यासपीठावर बाटली हा शिष्टाचार आहे.)

सहा दहाला दीपप्रज्वलन झालं. नंतर महिला मंडळाचं स्वागतनृत्य. मग शाल, श्रीफळ आणि रोपटं, क्रमाने अकरा जणांना. सात वाजता प्रमुख पाहुणे भाऊराव बोलायला उभे राहिले. ते विभागातले ज्येष्ठ समाजसेवक असून बॅनरवर त्यांचा फोटो श्रुतिकाच्या नावाच्या सातपट मोठा होता. लहानपणी गावच्या विहिरीत आपण कसे सूर मारायचो, यावर ते पन्नास मिनिटं बोलले. लोक रंगून गेले. श्रुतिकाच्या व्याख्यानासाठी राखून ठेवलेली आठ मिनिटं विहिरीत गेली. वेळेची शिस्त पाळणं भाग असल्याने मी तिला आभारप्रदर्शन करायला सांगितलं.

आभारप्रदर्शनाविषयी थोडं सांगायला हवं. आपल्याकडे हा शब्द माईकवरून उच्चारला गेला की त्याचा अर्थ 'उठा' असा होतो. खुर्च्या सरकतात, पिशव्या गोळा होतात आणि सभागृह एकदिलाने वड्यांच्या दिशेने चालू लागतं. आभार मानणारा मनुष्य नक्की काय बोलतो, हे आजवर कुणी ऐकलेलं नाही. श्रुतिकाला हे माहीत असावं. कारण तिने कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि माईक तोंडाजवळ घेतला.

"तुमच्या ए विंगच्या टाकीत गटाराचं पाणी येतंय," ती म्हणाली. "उकळल्याशिवाय एक थेंब पिऊ नका. ते सरबतसुद्धा पिऊ नका."

दोनशे अकरा माणसं रांगेत होती. चटणी कुणाला जास्त मिळाली यावर चर्चा चालू होती. राजेश टाळ्या वाजवत होते, कारण आभारानंतर टाळ्या वाजवायच्या असतात.

खुर्चीत बसून राहिली होती ती एकटी ए विंगची वनमालाबाई. गुडघे धरलेले, म्हणून गर्दी ओसरायची वाट पाहत होती. तिची नात निधी, वय वर्षं आठ. गेल्या वर्षी टायफॉइड आणि यंदा कावीळ झालेली. ती आजीसाठी सरबत आणायला रांगेत गेली होती.

"काय म्हणालीस गो?" वनमालाबाईने खालूनच विचारलं. "म्हंजे माझ्या निधीची कावीळ ह्या पाण्याची?"

"बहुतेक हो, आजी."

"आणि ह्या ठाऊक होता ह्यांका?"

श्रुतिकाने राजेशकडे पाहिलं. राजेशने माझ्याकडे पाहिलं. मी बॅनरकडे पाहिलं.

त्यानंतर वनमालाबाई उठली. गुडघ्यांचं काय झालं, ते वैद्यकशास्त्राने शोधावं. ती सरळ टेबलाशी गेली, निधीच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि दोन्ही पातेली एकामागून एक लादीवर उलटी केली. भाऊरावांचे बूट भिजले. "असूदे ना आजी, वय झालंय," असं म्हणत लोकांनी तिला खुर्चीत बसवलं आणि फरशी पुसायला बाई बोलावली. मला तिचा भयंकर राग आला, हे मी लपवत नाही. आठवड्याभराच्या मेहनतीचा चिखल झाला होता.

मात्र अहवाल वस्तुनिष्ठच असावा लागतो. उपस्थिती: दोनशे बारा. समाधानी: शंभर टक्के. नागरिकाने विचारलेले प्रश्न: तीन; रकाना नसल्याने नोंद नाही. श्रुतिकाला दहापैकी तीन गुण मिळाले, कारण तिचा फोटो सगळ्यात शेवटी काढला आणि त्यात बॅनर नाही. (तो पडला होता. वनमालाबाईचा धक्का लागून.) तिचा प्रबंध सध्या या कारणास्तव थांबला आहे. सोसायटीच्या कमिटीने पुढच्याच बैठकीत दोन ठराव एकमताने मंजूर केले: अल्पोपहाराच्या नासाडीबद्दल वनमालाबाईंना समज देणे आणि टाकीचा विषय रिडेव्हलपमेंटनंतर घेणे. कमिटीच्या सातही सभासदांनी त्याच आठवड्यात आपापल्या घरी फिल्टर बसवून घेतले, ही बाब इतिवृत्तात नाही.

तेव्हापासून वनमालाबाई रोज सकाळी ए विंगच्या लिफ्टमध्ये खडूने लिहिते: 'पाणी उकळून प्या.' दुपारी वॉचमन ते पुसतो. दुसऱ्या दिवशी ती परत लिहिते. श्रुतिका मधूनमधून तिथे जाते आणि तिला खडू देऊन येते. म्हातारीचं अक्षर वेडंवाकडं आहे. तरी चोपन्नपैकी एकोणचाळीस घरांत आता पाणी उकळतात, असं श्रुतिकाने मोजून मला कळवलं. मी तिला उलट टपाली कळवलं की खडू ही मान्य पद्धत नाही.

राहता राहिल्या उरलेल्या एक्केचाळीस सोसायट्या. श्रुतिकाच्या यादीप्रमाणे त्यांपैकी तीस टाक्यांत हेच सूक्ष्म पाहुणे आहेत. यादी विद्यापीठाच्या वेबसाइटवर नावानिशी उपलब्ध असून ती आजवर एकतीस वेळा उघडली गेली आहे. त्यात नऊ वेळा मीच. मी घाटकोपरला राहतो. आमची सोसायटी सतराव्या क्रमांकावर आहे. यादी पाहिली त्याच संध्याकाळपासून मी घरी पाण्याचे जार मागवतो. शेजाऱ्यांना अजून बोललेलो नाही. लाज वाटली का? वाटली. पण त्यांच्यापैकी कुणी विहित नमुन्यात अर्ज केलेला नाही, आणि जार वर येतो तेव्हा लिफ्टमध्ये सगळे मोबाईलमध्ये बघत असतात.

यादीबाबत कार्यालयाला आतापर्यंत बावीस फोन आले. टाकीचं काय करायचं, हे एकानेही विचारलं नाही. बावीसही जणांनी विचारलं, आमच्या सोसायटीचं नाव गाळता येईल का. आपणही इथवर वाचत आलात, पण आपल्या टाकीचं झाकण शेवटचं कधी उघडलं होतं, हा विचार बहुधा मनात आला नसेल. आला असेल तर लगेच 'आपल्याकडे तसं काही नसेल' असंही वाटून गेलं असेल. काही हरकत नाही. आपण शेवटपर्यंत वाचलंत, तेव्हा नियमानुसार आपली जागृत नागरिक म्हणून नोंद झाली आहे. आपल्याकडून आणखी कसलीच अपेक्षा नाही. इतकं वाचून घसा कोरडा पडला असेल. उठा, घोटभर पाणी प्या.