ॲथलोनचे दर्यावर्दी

आधी माफी मागतो. माणसांविषयी लिहायला माणसं पुष्कळ पाहिलेली असावी लागतात, आणि मी जेमतेम तेविशीचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला मीच, तोही बायोटेक्नॉलॉजीला. म्हणजे माझं लिहिणं प्रयोगाच्या जर्नलपुरतं. पण दिगूकाकांविषयी कोणीतरी लिहायला हवं असं वाटतं, आणि त्यांच्या घरात भाड्याने राहणारा मी एकटाच आहे. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

दिगूकाका म्हणजे दिगंबर वायंगणकर, मूळचे वेंगुर्ल्याजवळचे. पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नाही. इथे परदेशात, डब्लिनपासून दीड तासावरच्या ॲथलोनला, औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासायचं काम करतात. मी पहिल्यांदा बॅग घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही. विचारलं, "आईची आई कुठली?"

"जिंतूरची," मी म्हणालो.

"आणि तिची आई?"

मला माहीत नव्हतं.

"बघ. दोन बायका मागे गेलं की मराठी माणूस मुका होतो. ये आत. नारळ चालतो ना?"

आईच्या आईचा प्रश्न ते सगळ्यांना विचारतात. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीचं ताट फिरवतानासुद्धा विचारतात. डब्लिनजवळच्या ल्यूकनहून आलेले एक इंजिनिअर त्यांना आपली वंशावळ सांगू लागले. पार पेशव्यांच्या कोणत्या तरी कारकुनापर्यंत गेले. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे सगळे पुरुष झाले, हो. यांना जन्माला कोणी घातलं?" ते इंजिनिअर आता काका दिसले की प्रसादाच्या रांगेतून बाहेर पडतात.

याचं मूळ स्वयंपाकघरात आहे. तिथे फ्रिजशेजारी जगाचा एक नकाशा चिकटवलेला आहे. काकांनी कधीतरी गालाच्या आतून कापूस फिरवून एका कंपनीला पाठवला होता, आणि तिथून आईकडच्या ओळीचा अहवाल आला. शास्त्र सोपं आहे: पेशीतला एक छोटासा भाग आपल्याला फक्त आईकडून मिळतो. आईला तिच्या आईकडून, तिला तिच्या आईकडून. काकांची ही ओळ निघाली बेटांवरच्या लोकांची. हजारो वर्षांपूर्वी तैवानच्या बाजूने होड्या घेऊन निघाले, फिलिपिन्स, पुढची बेटं, एकीकडे पार मादागास्करपर्यंत पोचले, ते लोक. नकाशावर या प्रवासाचे बाण आहेत. एक बाण काकांनी लाल पेनने स्वतः वाढवून वेंगुर्ल्याला आणला आहे.

मी इथल्या कॉलेजातल्या आमच्या सरांना विचारून आलो. भीत भीत काकांना सांगितलं, "काका, सर म्हणतात, अशी ओळ आपल्या किनाऱ्यावर क्वचित सापडते, पण ती कधी आणि कशी आली ते सांगता येत नाही. आणि एवढ्या जुन्या ओळीवरून आजचं नातं ठरत नाही."

"तुझ्या सरांना सांग, लांबचं नातं म्हणजेसुद्धा नातंच. आमच्या होडीला उलांडी असते, त्यांच्या होडीला उलांडी असते. आणखी काय हवं?"

उलांडी म्हणजे होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधलेलं लाकूड. ते मला नीट समजावं म्हणून काकांनी एक जुनी कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची अरुंद होडी, आणली आणि तिला बांबूची उलांडी बांधली. ती मागच्या बागेत गवतावर असते. पाण्यात कधी गेली नाही, कारण या दर्यावर्दी घराण्याच्या वंशजाला पोहता येत नाही. शिवाय त्यांना बस लागते. गॉलवेचा समुद्र पाहायला निघाले आणि अर्ध्या वाटेतून चालत परत आले, असं शेजारचे पॅडी सांगतात. पॅडी त्यांना 'युअर मॅन विथ द बोट', म्हणजे 'तो होडीवाला बुवा', म्हणतात. काकांना ते बिरुद फार आवडतं.

नारळी पौर्णिमेला समुद्र नाही म्हणून ते शॅनन नदीला नारळ देतात. "ही शेवटी तिकडेच जाते ना," असं त्यांचं म्हणणं. मी गेलो होतो त्या खेपेला काकांनी हात जोडले, पुलावरून नारळ सोडला, डोळे मिटले. खाली होडीत मासे धरत बसलेल्या एका भल्या गृहस्थाने जाळीने तो उचलला, चिखलातून धापा टाकत पुलावर आला आणि म्हणाला, "तुमचा पडला वाटतं." काका म्हणाले, "ग्रँड, ग्रँड, थँक्स अ मिलियन." मग नारळ पुन्हा सोडता यावा म्हणून आम्ही तो गृहस्थ दिसेनासा होईपर्यंत नदीकाठाने चालत राहिलो.

लिझामावशी त्यांना एशियन दुकानात भेटल्या. त्या फिलिपिन्सच्या, इथल्या वृद्धाश्रमात नर्स. नारळ कानाशी धरून हलवून पाहत होत्या. काकांनी जाऊन थेट विचारलं, आईची आई कुठली. त्या काकांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. पण काका त्यांना मावशी म्हणू लागले. "आईच्या बाजूची बाई म्हणजे मावशी. वयाचा काय संबंध?" लिझामावशींना आधी माणूस आजारी वाटला. मग त्या रविवारी यायला लागल्या, आणि काकांना 'कुया' म्हणायला लागल्या. त्यांच्याकडे थोरल्या भावाला तसं म्हणतात.

मला हे सगळं गमतीचं वाटायचं. काकांच्या आईसाठी डब्लिनला साडी घ्यायला गेलो त्या दिवसापर्यंत.

गाडी लिझामावशींची. काका पुढे, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी धरून, डोळे मिटून. ओकारी येऊ नये म्हणून ते बोलत राहतात. त्या दिवशी मराठीत बोलत राहिले.

"माझी आई सरकारी दवाखान्याच्या पायरीवर सापडली, रे. एका सुईणीनं वाढवली. तिला माहेर नाही. दिवाळीला माझ्या काकवा माहेरी जायच्या, आणि आई मागे राहून सगळ्या घराचं रांधायची. आजी म्हणायची, हिला दर्यानं टाकलीय. आई हसायची. मला वाटायचं, तिला काही वाटत नाही."

गाडी सिग्नलला थांबली. काकांनी पिशवी उघडली, पुन्हा मिटली.

"मग थोरली काकू वारली. आमच्यात बाई गेली की अंगावर लुगडं माहेरचं लागतं. तिचा भाऊ सावंतवाडीहून येईतो सगळा गाव उन्हात थांबला. तो काखेत लुगडं घेऊन आला. आई माझ्या शेजारी उभी. हळूच म्हणाली, 'दिगू, माझ्या अंगार कोण घालतलो रे?'"

काकांनी पिशवीला गाठ मारली. लिझामावशींनी आरशातून माझ्याकडे पाहून विचारलं, कुया काय म्हणाले? मी जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. मला नीट सांगता आलं नसेल, कारण पुढचा सिग्नल हिरवा झाला तरी त्यांनी गाडी हलवली नाही.

दुकानात त्यांनी बऱ्याच साड्या उलगडायला लावल्या. एक जांभळी निवडली. काकांनी पाकीट काढलं, तशी त्यांनी काकांच्या हातावर चापट मारली. "तू दिलीस तर ती आमच्याकडची कशी होईल?" त्या म्हणाल्या. काका दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. मला वाटलं, गाडी लागली असेल.

साडी गणपतीला गावी जाणाऱ्या एकाबरोबर गेली. व्हिडिओ कॉलवर काकांच्या आई दिसल्या. साडी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. त्यांनी लिझामावशींना पहिला प्रश्न केला, "जेवलंस काय गो?" काकांनी शिकवून ठेवलं होतं तसं मावशी म्हणाल्या, "जेवलंय." म्हातारी इतकी हसली की फोन खाली पडला. साडी नेस, असं काकांनी सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "आत्ता नाय." आणि पेटीत ठेवून दिली.

त्या संध्याकाळी काका प्रेसमधून (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) कप काढताना म्हणाले, "पुरुषाकडून ही ओळ पुढे जात नाही, रे. आईची मुलगी नाही, मी एकटा. म्हणजे एवढा समुद्र ओलांडून होडी लागली कुठे, तर ॲथलोनच्या गवतावर." मी चहा ठेवला.

जानेवारीत सकाळी फोन आला की आई गेल्या. त्याच दिवशी वादळ होतं. विमानं रद्द. पॅडींनी, लिझामावशींनी, मी, सगळ्यांनी विमान कंपन्यांना फोन करून पाहिले. गावाहून चुलतभाऊ म्हणाले, दिगू, तू पोचेपर्यंत ठेवता यायचं नाही. काका "हो, बरोबर आहे" म्हणाले. कोट घालून, भरलेली बॅग पायाशी ठेवून, ते नकाशाखाली बसून राहिले. बाहेर वाऱ्याने कयाक उलटी केली होती. लिझामावशी ड्युटीवरून तशाच गणवेशात आल्या आणि त्यांच्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या. काका एकदाच म्हणाले, "पेटीतलं कोणाला आठवेल का?"

दुपारी त्यांच्या चुलतभावाच्या बायकोचा फोन आला. काकांना तो कानाशी धरवेना, म्हणून मी स्पीकरवर टाकला.

"भावजी, सगळी थांबली होती. कोणीतरी इचारल्यान, म्हायारचा कोण येतला काय? मीया पेटी उघडलंय. जांभळा लुगडा काढलंय. सगळ्यांका सांगलंय, तिच्या भयणीन धाडलेला आसा, दर्यापलीकडसून. मगे नेसवलंय. भावजी, आयकतास मां? आज कोणी म्हणाक नाय, तिका म्हायार नव्हता म्हणान."