शेपटी वेगळी

वडगावात माग चालू असले की कुणी कुणाशी हळू बोलत नाही. बोलून उपयोगच नसतो. सौरव त्या खडखडाटातच लहानाचा मोठा झाला होता. साड्यांची डिझाइनं तो आता कॉम्प्युटरवर करत असला तरी आवाज मागावरचाच राहिला होता. त्या दुपारी तो मागाच्या खोलीला लागून असलेल्या जिन्यात उभा राहून फोनवर भांडत होता. उभा कसला, सारखा वर चढत होता आणि खाली उतरत होता. एका जागी थांबणं त्याला भांडण नसतानाही जमत नसे.

भांडण फर्री मंडळींचं होतं. माणसांसारखी बोलणारी-चालणारी जनावरं ज्यांना मनापासून आवडतात, जे स्वतःसाठी असं एखादं जनावर ठरवतात, त्याची चित्रं काढतात आणि जमलं तर त्याचा पोशाख शिवून अंगावर चढवतात, त्यांना फर्री म्हणतात. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर मिळून असे मोजके लोक होते आणि ते फोनवरच जास्त भेटत. सौरव कोल्हा होता. त्या कोल्ह्याचं तोंड, पंजे आणि शेपटी आईच्या जुन्या गोधडीखाली ट्रंकेत दडवलेली होती. निपाणीत मोबाइल दुरुस्त करणारा नागेंद्र तरस होता. कोल्हापूरची ऋतिका खार होती आणि सगळ्यांना सांभाळून घ्यायचं काम तिच्याकडं होतं.

बेळगावातल्या एका कॉलेजनं त्यांना गॅदरिंगला पोशाखासकट बोलावलं होतं आणि 'तुमच्याविषयी थोडं लिहून द्या' असं सांगितलं होतं. ते सौरवनं लिहिलं होतं. शेवटची ओळ होती, 'आमच्या छंदाचा लैंगिकतेशी काडीचाही संबंध नाही.'

"काडीचाबी न्हाय?" फोनवर नागेंद्र म्हणाला. "मग मी कोण रं?"

नागेंद्र गे होता. ग्रुपमध्ये सगळ्यांना ते ठाऊक होतं.

"ते तुझ्याबद्दल न्हाय रं," सौरव ओरडला. "नेटवर लोक काय काय लिवत्यात बघितलंयस न्हवं? फर्री म्हटलं की त्यांना वाटतंय, जनावरांची सोंगं घेऊन कायतरी घाणेरडं करणारी टोळी. ते पुसायला पायजे का नको?"

"पुसता पुसता मलाबी पुसालास की तू!"

"थांबा गा जरा," त्याच कॉलवर असलेली ऋतिका मध्ये पडली. "सौरव, तुला नुसता कोल्हा आवडतोय, ठीक हाय. लई जणांचं तेवढंच असतंय. पण काही जणांना हितंच पहिल्यांदा सोताबद्दल बोलता आलं. तेबी खरंच की. ती ओळ काढली तर काय बिघडतंय?"

"तरसाचं तोंड घातलं तवा मी पहिल्यांदा खरं बोललो," नागेंद्र म्हणाला. "आता त्यातबी गप्प बसू व्हय?"

सौरवनं इथं थांबायला हवं होतं. पण पलीकडं त्याच्या वडिलांचे, आप्पांचे माग जोरात चालले होते, त्याला स्वतःचंच बोलणं ऐकू येत नव्हतं, आणि ऐकू येत नसलं की माणूस आणखी मोठ्यानं बोलतो. त्यानं छाती भरून श्वास घेतला. नेमका तेव्हाच करंट गेला.

माग थांबले. शेजारचे थांबले. आख्खी गल्ली चिडीचूप झाली, आणि त्या शांततेत सौरवचं वाक्य खणखणीत उमटलं.

"अरे नागेंद्र, आपण गे हाय हे जगाला कशाला सांगत बसायचं?"

सौरवच्या मनातला 'आपण' म्हणजे कुणीही एखादा माणूस होता. गल्लीनं मात्र तो सरळ धरला. सौरव आणि नागेंद्र.

नागेंद्रनं फोन ठेवला. मागाच्या खोलीच्या दारात हातात सुताची कांडी धरून आप्पा उभे होते. समोरच्या खिडकीत गुंडूअण्णांचं डोकं आलं होतं आणि ते परत आत जायचं नाव घेत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत बसवंतआप्पा मागाकडं बघत बसले, आणि जेवताना आईनं, राजेश्वरीबाईंनी, न मागता भाकरीवर तूप वाढलं. त्या तुपानंच सौरव घाबरला.

"आप्पा, तुमचा गैरसमज झालाय," तो जेवता जेवता उठून म्हणाला. "मी गे न्हाय."

"आख्ख्या गल्लीला वरडून सांगिटलंस," आप्पा म्हणाले, "आणि घरात लपवालास व्हय? बस खाली."

"तसं न्हाय हो. मी फर्री हाय!"

"आता ह्यो काय नवीन प्रकार?"

बोलून पटेना म्हणून सौरवनं ट्रंक उघडली आणि कोल्ह्याचं तोंड आणून ताटाशेजारी ठेवलं. मग पंजे, मग शेपटी. आपली बाजू आता स्वच्छ झाली असं त्याला वाटलं. आईनं शेपटी उचलली, उलटसुलट करून बघितली आणि पदर डोळ्याला लावला.

"असल्या माणसांना हे सगळं घालावं लागतंय व्हय रं?" ती म्हणाली. "उकडत न्हाय?"

दुसऱ्या दिवशी बेळगुंदीहून जयवंताआत्तीला बोलावण्यात आलं. जयवंता ही आप्पांची थोरली बहीण. घराण्यातला कुठलाही निकाल तिच्याशिवाय लागत नसे. तिला सगळं सांगितल्यावर ती विचारात पडली.

"गे म्हटलं त्यात एवढं काय हाय?" ती म्हणाली. "आमच्यात सगळ्याच बायकांना गे म्हणत्यात. काय गे, कुठं गेलतीस गे."

"त्यो गे न्हवं, आक्का," आप्पा म्हणाले, आणि दुसरा गे कोणता ते त्यांनी खाली बघत, अडखळत सांगितलं. सौरव दाराआड येरझाऱ्या घालत होता. आत्तीचा आता स्फोट होणार, मग घरच्यांना 'मी गे न्हाय' हे आपलं म्हणणं नाइलाजानं तरी ऐकून घ्यावं लागेल, असा त्याचा हिशेब होता.

"पोरगा चोरी करालाय?" आत्तीनं विचारलं.

"न्हाय."

"दारू?"

"न्हाय."

"मग ऱ्हाऊ दे जित्ता. त्या निपाणीच्या पोराला रविवारी जेवायला बोलवा. बघू तरी कसा हाय."

हे सगळं आप्पांना सोपं गेलं नव्हतं. ते रोज पहाटे उठून अंगणात नुसते बसत होते. चौथीपासूनचा दोस्त गुंडूअण्णा चहाच्या गाड्यावर सगळ्यांदेखत हसला, तेव्हा आप्पांनी अर्धा कप तिथंच ठेवला आणि त्याला बजावलं, "माझ्या घरात कोण येतंय, कोण जेवतंय, ते माझं मी बघतो. तू तुझ्या मागाची धोटी बघ." तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. हे सौरवला आईनं सांगितलं. खरं सांगावं तर आप्पा ऐकत नव्हते, आणि न सांगावं तर त्या अर्ध्या कपाचं ओझं त्याच्याच माथ्यावर होतं.

नागेंद्र फोन उचलेना. शेवटी सौरव बस धरून निपाणीला गेला. दुकानात नागेंद्र एक मोबाइल उघडून बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"माफी मागायला आलास?"

"व्हय. ती ओळ काढून टाकलो मी. चुकलंच माझं." सौरव काउंटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. "आणि रविवारी जेवायला ये."

"कशाला?"

"आमच्या घरच्यांना वाटालंय... आपण दोघं..."

नागेंद्रनं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि तो इतका हसला की बाहेरचं गिऱ्हाईक आत डोकावलं.

"तुझ्यासारखा चुळबुळ्या माणूस मी पसंत करीन व्हय रं? माझं डोकं फिरलंय?"

सौरवला उगीचच अपमान झाल्यासारखं वाटलं. "येतोस का न्हाय?"

"जेवायला काय हाय?"

"कोंबडं."

"येतो. पण खरं काय ते तू सांगायचं. मी गप्प बसणार."

रविवारी नागेंद्र इस्त्रीचा शर्ट घालून आला. गल्लीतनं येताना खिडक्या उघडत गेल्या. आप्पांनी त्याला हाताला धरून आत नेलं, तेही गुंडूअण्णांच्या खिडकीकडं बघत, मुद्दाम सावकाश.

जेवणं सुरू झाली. सौरव पाटावर बसून सारखी मांडी बदलत होता. आत्तीनं खाकरून पाठ केल्यासारखं बोलायला सुरुवात केली.

"हे बघ नागेंद्र, आमी जुनी माणसं. आमाला त्यातलं काय कळत न्हाय. पण एकमेकाला धरून ऱ्हावा, वेळेवर जेवा, आणि उन्हाळ्यात त्ये लोकरीचं घालू नका."

"बरं आत्ती," नागेंद्र म्हणाला. सौरवनं त्याला कोपर मारलं. नागेंद्रनं तंगडी तोंडात धरून त्याच्याकडं फक्त पाहिलं. तू बोल.

"तुझ्या घरात ठाऊक हाय काय?" आप्पांनी विचारलं.

नागेंद्रचा घास थांबला. "सांगिटलं होतं, काका. तवापासनं आई दारातच बोलते. आत बोलवत न्हाय." तो जरा हसल्यासारखा झाला. "घरच्या पंगतीत बसून लई दिवस झालं."

आई वाढायची थांबली. सौरवला आता मात्र बसवेना. तो ताटावरनं उठला.

"आप्पा, खरं सांगतो, मी गे न्हाय. ह्यो माझा दोस्त हाय, नुसता दोस्त. त्या दिवशी मी ह्याच्यावर वरडालतो, ह्यानं गप्प बसावं म्हणून. लोकांना भिऊन. ते तुमी ऐकलासा आणि उलटं समजलासा."

"घाबरू नको रं," आत्ती म्हणाली. "आमी हाय."

"अवो आत्ती, मी खरंच न्हाय!"

"मग ती शेपटी?" आईनं विचारलं.

"शेपटी वेगळी!"

"काकू, ह्यो खरं बोलालाय," नागेंद्र मध्ये पडला. "ह्यो न्हाय. मी हाय. शेपटी दोघांलाबी हाय, पण त्येचा ह्याच्याशी संबंध असतोयच असं न्हाय. कुणाचा असतोय, कुणाचा नसतोय."

आईनं मोठा सुस्कारा सोडला आणि देवघराकडं बघून हात जोडले. आप्पांच्या तोंडावर मात्र आनंद दिसेना. पोराचा निकाल नापास लागावा तसे ते ताटाकडं बघत राहिले.

"म्हंजे तू न्हाईस," ते म्हणाले.

"न्हाय."

"पहाट पहाट उठून मी किती इचार केलो... गुंडूशी भांडून बसलो... आणि तू न्हाईसच?"

"माफ करा आप्पा," सौरव म्हणाला. आपण नेमकी कशाची माफी मागतोय हे त्याला कळत नव्हतं.

आप्पांनी रश्श्याचं पातेलं स्वतःकडं ओढलं आणि नागेंद्रच्या वाटीत दोन पळ्या घातल्या.

"ते काय असंल ते असंल," ते म्हणाले. "तू मातर पुढच्या रविवारीबी यायचं. त्येच्या पुढच्याबी. मी गुंडूला बोलून बसलोय, आता माघार घ्यायला जमायचं न्हाय. आणि येताना त्येच्या दारावरनंच ये."

नागेंद्र खाली मान घालून रस्सा ओरपत राहिला, आणि रस्सा तिखट असल्यामुळं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं असणार, असं सगळे धरून चालले.

आत्ती तेवढ्यात सावरली होती. तिनं कमरेचा मोबाइल काढला.

"म्हंजे ह्येच्यासाठी पोरगी बघायला आता मोकळीक झाली की! आमच्या शेजारची हाय एक. शिकलेली हाय, उंच हाय."

सौरव दचकला. गेला आठवडाभर घरात त्याच्या लग्नाचा विषय कुणी काढला नव्हता, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. किती शांत आठवडा होता तो! कबुली द्यायला थोडी घाईच झाली की काय, असंही त्याला वाटून गेलं.

"आत्ती, इतक्यात नको..."

"फोटो हाय काय?" नागेंद्रनं हात पुसत विचारलं.

आत्तीनं मोबाइल त्याच्यापुढं धरला. आई वाकली, आप्पाही चष्मा लावून सरकले.

"ही न्हाय जमायची, काकू," नागेंद्र फोटो मोठा करून म्हणाला. "लई शांत दिसते. ह्येच्यापुढं बिचारीला चक्कर येईल. दुसरी दाखवा."

"व्हय गे बाई, खरंच की," आई म्हणाली. "आणि ही? ही कशी वाटते तुला?"

"ही बघण्यासारखी हाय. हिला बाजूला ठेवूया."

सौरव उभ्या उभ्या चौघांच्या डोक्यांवरनं फोटो बघायचा प्रयत्न करत होता. आत्तीनं मान वर न करता त्याला सांगितलं, सारखा नाचू नको रं, उजेड अडालाय.