पोचलं का?

थंडी पडली की डॉ. आगाशे आमच्या फरीदाबाद-दिल्ली चार्टर्ड बसमध्ये डावा हात स्वेटरच्या आत खुपसून बसत. नव्या प्रवाशाला वाटे, यांना हार्टचा त्रास आहे. जुन्यांना माहीत होतं की आत बाटली आहे. कसली ते कुणी विचारलं नाही, पण सकाळी सकाळी बाटली जवळ बाळगणारा शास्त्रज्ञ म्हणून त्यांचा मान मात्र फार वाढला.

बाटलीत पेशी असत. सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळेचा जनरेटर बंद, म्हणून पेशी शनिवार-रविवार घरी मुक्कामाला येत. त्यांना माणसाच्या अंगाइतकी ऊब लागते. आमच्या सेक्टरातल्या विजेपेक्षा सुमनवहिनींच्या रजईवर डॉक्टरांचा जास्त भरवसा होता. सोमवारी पाहुणे पुन्हा छातीशी धरून परत.

एवढ्याशा पेशीच्या आत माल कसा जातो, हा त्यांचा जन्माचा विषय. माल तयार होतो, त्याच्या पुड्या बांधल्या जातात, त्या बारीक रुळांवरून ठरल्या जागी जातात. मी सरकारी नोकर. टेबलावरून कागद निघाला की माझं काम संपतं. त्यांचं तिथून सुरू होई. "निघालं ते कळलं हो, कुलकर्णी. पोचलं का?" हा प्रश्न ते सगळ्यांना आणि सगळ्याबद्दल विचारत. माझ्या मुलीच्या लग्नात लोकांनी मुहूर्त विचारला, यांनी विचारलं, पत्रिका पोचल्या का. इतकं डोकं खाल्लं की मी घरोघरी फोन लावले. नागपूरच्या आत्याची पत्रिका खरंच पोचली नव्हती. आत्या जन्मभर बोलली नसती.

ते दिवसच दमवणारे होते. बाजार खुला झाला म्हणत होते. आमच्या वाट्याला त्यातल्या मोटारी तेवढ्या आल्या. रस्त्याकडेची शेतं जाऊन कॉलन्या उठल्या आणि बदरपूरला बस तासन् तास उभी राहू लागली. डॉक्टरांचे विद्यार्थी एकेक करून गुडगावच्या कंपन्यांत गेले. डॉक्टर त्याच बसने, तीच बाटली घेऊन जात राहिले. मला कधी कधी त्यांचा रागच येई. इतका हुशार माणूस, जरा हातपाय हलवायला काय हरकत होती?

ज्या प्रश्नावर त्यांनी उमेदीची वर्षं घालवली, त्याचं उत्तर शेवटी परदेशातल्या कुणाला तरी सापडलं. ती बातमी त्यांनी बसमध्येच वाचली. मासिकाची घडी घातली आणि म्हणाले, "चला, कुणाचं तरी पोचलं." मग बदरपूर येईपर्यंत डोळे मिटून बसले. मला फार वाईट वाटलं.

ते रिटायर झाले, त्याच सुमारास वहिनींचे पाय बधिर व्हायला लागले. डायबिटीस जुना होता. डॉक्टरांनी मला शांतपणे समजावून सांगितलं: कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत एकच लांबलचक पेशी असते. माल वर तयार होतो, पण एवढ्या लांब नेणं जमेनासं होतं. सगळ्यात आधी उपाशी राहतं ते टोक. "आयुष्यभर हेच शिकलो," ते म्हणाले, "आणि हिच्या एका बोटाला उपयोग नाही."

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेलो. दार उघडंच होतं. वहिनी बाल्कनीत उन्हात खुर्चीवर, डोळे मिटून. डॉक्टर खाली सतरंजीवर, त्यांचे पाय मांडीवर घेऊन. हातात कापसाची वात होती. ती गुडघ्याला लावून ते विचारत, "पोचलं का?" वहिनी म्हणत, "पोचलं." मग जरा खाली. रोजचा परिपाठ असावा. मी दारातच थांबलो.

वात घोट्यापर्यंत आली. अंगठ्यापाशी डॉक्टरांचा हात थबकला. वात अजून टेकलीच नव्हती, बोटभर वरच होती.

"पोचलं," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांनी वर पाहिलं. वहिनींचे डोळे मिटलेलेच होते. डॉक्टरांनी वात हलकेच खाली ठेवली, दोन्ही पावलं स्वेटरच्या आत छातीशी धरली आणि म्हणाले, "छान. आज लवकर पोचलं."