निम्म्या तिकिटाचा डोंगर

आमच्या गाझियाबादच्या सोसायटीत कुणाचं परदेशी जायचं ठरलं, की सगळ्यात आधी जगतापकाका त्याच्या दारात हजर. चपला काढायच्या आधीच त्यांचा प्रश्न असे, "रेल्वेचा पास काढलात?" एका लग्नात तर स्टेजवर आहेराचं पाकीट देता देता त्यांनी नवरदेवाला हेच विचारलं. मागे रांग खोळंबली, फोटोग्राफर "अंकल, आगे बढिए" म्हणून थकला, पण काकांनी मुद्दा पूर्ण केला. स्वित्झर्लंडमध्ये रेल्वेचा पास खिशात असला, तर डोंगरावर जाणाऱ्या छोट्या गाडीचं तिकीट निम्म्यात मिळतं. "डोंगराची उंची कमी होत नाही, बेटा. तिकीट कमी होतं."

दिवसच तसे होते. हिंडन नदीच्या अलीकडे-पलीकडे शेतांत टॉवर उभे राहत होते, आणि कालपर्यंत एलटीसीची सरकारी प्रवास-सवलत घेऊन गावी जाणारी माणसं लिफ्टमध्ये युरोपचे कॅटलॉग चाळत होती. काका मूळचे साताऱ्याचे, केंद्र सरकारच्या एका खात्यातून रिटायर झालेले. नियम वाचणं हा त्यांचा छंद आणि त्यातली सवलत शोधणं हे व्यसन. ऑफिसच्या कामाने शिमल्याला गेले असताना त्यांनी तिकीट तपासनिसाला विचारलं होतं, की याच तिकिटावर वरच्या टेकडीला काही सूट आहे का. तो म्हणाला, "अंकल, पहाड तो फ्री है, चढ जाइए." काकांना हे उत्तर नियमबाह्य वाटलं.

पण या साऱ्या खटाटोपाचं कारण होत्या काकू. त्या दिल्लीतल्या सरकारी शाळेत गणित शिकवत. हिमालय रात्रभराच्या प्रवासावर, आणि त्यांची प्रत्येक सुट्टी साताऱ्याला सासूसासऱ्यांची उस्तवार करण्यात गेलेली. संसारात त्यांनी नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली होती: एकदा डोंगरावर जाऊन बर्फ हातात घ्यायचा. रिटायर झाल्यावर नेईन, असा काकांनी शब्द दिला होता.

मग स्वित्झर्लंडचा चार दिवसांचा पास आला आणि घरात तालीम सुरू झाली. तिकडे गाडी बदलायला सात मिनिटं मिळतात, म्हणून ऐन मे महिन्यात लोकरी कोट चढवून काकू ए टॉवर ते सी टॉवर बॅग ओढत धावायच्या आणि काका घड्याळ धरून उभे. गार्डला राहवलं नाही. "मॅडम, कहाँ जा रही हैं?"

"बस भैया, सी टॉवर तक," काकू घाम पुसत म्हणाल्या.

परत आले तेव्हा काकांना आकाश ठेंगणं झालं होतं. ओंजळीत बर्फ घेतलेल्या काकूंचा फोटो हॉलमध्ये लागला. "पास दाखवला, निम्म्यात वर! बिल्कुल पक्का काम!" हे येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावं लागे. काकू मुकाट्याने चहा ओतत.

पुढच्या वर्षी माझा आणि माझ्या बायकोचा, मेधाचा, नंबर लागला. काकांनी मोठ्या मनाने आपली फाइल माझ्या स्वाधीन केली. पानापानावर नंबर आणि कोपऱ्यात सही. घरी चाळताना डोंगराची दोन तिकिटं दिसली. तारीख पास संपल्याच्या दुसऱ्या दिवसाची, आणि दर पूर्ण. माझंच काहीतरी चुकत असेल, असं वाटून मी फाइल घेऊन त्यांच्याकडे गेलो.

काकू फोनवर होत्या. काकांनी मला बाल्कनीत नेऊन दार ओढून घेतलं.

"तीन दिवस डोंगर ढगात होता, यार. चौथ्या दिवशी हिला ताप. पास संपला. आणि पाचव्या दिवशी असं ऊन पडलं म्हणून सांगू! तर ही म्हणते, राहू दे, पूर्ण तिकीट कशाला, खालूनच फोटो काढू. मी सांगितलं, आजारी माणसाला एक दिवस ग्रेस मिळतो, नियम आहे." त्यांनी बंद दाराकडे एक नजर टाकली. "असा नियम नाहीये. ती तिकिटं फेकायला हवी होती, पण फाइलीतला कागद माझ्याच्याने फाडवत नाही. तिला बोलू नकोस."

मी कबूल केलं. नियमाच्या त्या माणसाला खोटा नियम सांगताना काय वाटलं असेल, या विचाराने मला भरून आलं.

निघताना काकू लिफ्टपर्यंत आल्या. प्रवासासाठी चिवड्याचा डबा हातात दिला आणि फाइलकडे पाहत म्हणाल्या, "ग्रेसचा नियम सांगितला वाटतं तुला?"

मी फाइल काखेत मारली.

"अरे, खिडकीवर दर लिहिलेले होते. जन्मभर गणित शिकवलं मी. अर्धं आणि पूर्ण मला कळत नाही?"

"मग बोलला नाहीत?"

"वर बर्फ हातात घेतला आणि वळून पाहिलं, तर हे डोंगराकडे पाठ करून माझ्याकडेच बघत उभे. सांग, काय बोलायचं होतं?" काकूंचे डोळे भरले होते आणि त्या हसतही होत्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघालो, तर गेटपाशी काकांनी बी टॉवरमधलं नवं जोडपं गाठलेलं. "आम्ही स्वतः निम्म्यात गेलोय वर. विचारा हिला!"

जोडप्याने काकूंकडे पाहिलं. काकूंनी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"अगदी निम्म्यात," त्या म्हणाल्या. "एक पैसा जास्त दिला नाही ह्यांनी."