हिमखिंडी सरदार आणि ओळखीचा लांडगा

एका जंगलात, बाळांनो, शेळ्यांची वस्ती होती. वस्तीला बोराटीचं कुंपण होतं, एक फाटक होतं आणि एक समिती होती. समिती नसती तरी चाललं असतं, पण हे शेळ्यांना सुचलं नाही.

वस्तीला भीती एकाचीच होती, टेकडीपलीकडच्या लांडग्याची. गेल्या साली त्यानं तांबू नावाच्या शेळीचं करडू नेलं होतं. तांबूला आता टिकली ही एकच लेक उरली होती. ती तिला क्षणभर नजरेआड होऊ देत नसे. मला त्या शेळीबद्दल फार माया वाटते, हे आधीच सांगून ठेवतो.

समितीचा अध्यक्ष होता दाजीबा बोकड. त्यानं ठराव मांडला, की राखणीला कुत्रा आणावा. साधासुधा नको, जातिवंत हवा. मग लांबच्या बर्फाळ डोंगरातून हिमखिंडी जातीचा कुत्रा आला. नाव सरदार. वय वर्षाच्या आत, पण उंची वासराएवढी. मानेभोवती ही आयाळ. स्वभावानं अगदी भला.

सरदारबरोबर एक पत्रक आलं होतं. दाजीबा शिकलेला होता, म्हणजे त्यानं आजवर पुष्कळ कागद खाल्ले होते. हा मात्र त्यानं वाचला.

‘या जातीला ऊन सोसत नाही.’ शेळ्यांनी वडाची सावली सरदारला दिली आणि आपण उन्हात बसल्या.

‘केस रोज विंचरावेत.’ दोन शेळ्या शिंगांनी विंचरू लागल्या.

‘जेवणानंतर पळू देऊ नये, पोट फुगतं.’ करडं बागडली की सरदारलाही पळावंसं वाटे, म्हणून दुपारचं बागडणं बंद झालं.

शेवटचं कलम मोठं होतं. ‘ही जात घरच्यांसाठी जीव देते. घरच्यांना कुंपणाबाहेर भटकू देत नाही, परक्याला आत टिकू देत नाही. मात्र हिला लहानपणीच अनोळखी मंडळींची ओळख करून द्यावी, नाहीतर ती भलत्यालाच चावते.’

“आता अनोळखी कोण आणायचा?” दाजीबानं विचारलं.

शेळ्यांनी खूप डोकं खाजवलं. ससा ओळखीचा होता. हरणं येऊन-जाऊन होती. मोराचं तर रोजचं बसणं-उठणं. सगळ्या पंचक्रोशीत अनोळखी असा एकच निघाला.

“अहो दाजीबा, तो लांडगा आहे,” तांबू म्हणाली.

“तांबू, पत्रकात लांडगा वगळा असं कुठं लिहिलंय?”

ते खरंच लिहिलेलं नव्हतं. लांडग्याला आमंत्रण गेलं.

रविवारी दुपारी लांडगा आला. अंघोळ करून आला होता. सरदार गुरगुरला, तसा दाजीबानं त्याच्या पाठीवरून पाय फिरवला. “असं नाही करायचं बाळा. हे आपले पाहुणे.” लांडग्यानं पातेलंभर दूध घेतलं, सरदारचा कान खाजवला आणि निघून गेला.

दुसऱ्या रविवारी सरदार गुरगुरला नाही. तिसऱ्या रविवारी त्यानं शेपूट हलवलं. समितीनं टाळ्या वाजवल्या.

चौथ्या रविवारी दूध पिऊन झाल्यावर लांडगा उठला आणि टिकलीकडे गेला. “पोर चांगली भरलीय हो,” म्हणत त्यानं तिची मान तोंडात धरली.

तांबू धावली. तिनं जी धडक दिली, ती लांडग्याच्या बरगड्यांत बसली. टिकली सुटली.

आणि सरदार उठला. आयुष्यात पहिल्यांदा तो खऱ्या अर्थानं भुंकला. वडाची पानं गळली. तो लांडग्यापुढे उभा राहिला आणि त्यानं तांबूवर दात काढले. घरच्या माणसाला मारणारी ती त्याच्या लेखी परकी झाली होती. त्यानं तांबूला आणि तिच्या पोटाशी बिलगलेल्या टिकलीला फाटकाबाहेर हाकललं.

“बघितलंत? जातिवंत राखण म्हणतात ती ही,” दाजीबा म्हणाला.

“आणि त्यानं माझी पोर नेली असती म्हणजे?” तांबूनं बाहेरून विचारलं.

“ओळखीच्यानं नेली असती. परक्यानं नेली तर जबाबदारी समितीची.”

त्या दिवशी तांबू फार रडली. पोरीला घेऊन उघड्या माळावर राहायचं म्हणजे मरणच, असं तिला वाटलं. पण दिवस गेला, आठवडा गेला, महिना गेला. माळावर कुणीच आलं नाही. लांडगा आता वस्तीतच राहायला आला होता. टिकली भर दुपारी बागडू लागली. तिला चांगली बोटभर शिंगं फुटली.

एकदा तांबू चरत चरत कुंपणापाशी आली. आत दाजीबा एकटाच उभा होता. बराच वाळला होता.

“बाकीच्या कुठं आहेत?” तिनं विचारलं.

“नाहीत.”

“मग तुम्ही तरी बाहेर या की.”

“कसा येऊ? मी घरचा ना. फाटकाकडे गेलो की सरदार मायेनं कान धरून परत आणतो.”

इतक्यात मागून लांडग्याची हाक आली. “दाजीबा, या लवकर. जेवायला तुमच्यासाठीच थांबलोय.”

सरदार शेपूट हलवत दाजीबाला न्यायला आला.

तात्पर्य : राखणदार नेहमी जातिवंत आणि इमानी पाहून घ्यावा, त्याची निगा पत्रकाबरहुकूम राखावी, आणि तो आल्या दिवशीच त्याच्याशी कडाक्याचं भांडण करून ठेवावं.